आधी उघडायची की आधी झाडायची?

स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये दारू नसते आणि आधी भरून ठेवलेली हवाही नसते. नळी बिजागरीवर खाली दुमडली की एक दांडा आतल्या दट्ट्याला मागे ढकलतो, दट्ट्यामागची जाड स्प्रिंग दबत जाते आणि शेवटी दट्ट्या खटक्यात अडकून थांबतो. नळीच्या मागच्या तोंडात छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. खटका सुटतो, स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, समोरच्या नळकांड्यातली साधी खोलीतलीच हवा एका झटक्यात दाबली जाते, तापते आणि बारीक भोकातून छऱ्याच्या पाठीवर आदळते. खटका सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. तेवढ्यात बंदूक आधी मागे सरकते, मग दट्ट्या दाबलेल्या हवेच्या गादीवर येऊन थांबला की पुढे झेपावते. आणि छर्रा त्या वेळी नळीतच असतो.

या शेवटच्या गोष्टीमुळे वापरलेली स्प्रिंग बंदूक पारखणे हे वेगळे काम ठरते. नळी चांगली असली म्हणजे बंदूक चांगली, असे इथे म्हणता येत नाही. बिजागरीची ढील, चामड्याचा सुकलेला वायसर, दस्त्याचा सैल स्क्रू, वाकडी झालेली स्प्रिंग, यांतला प्रत्येक दोष छर्रा बाहेर पडण्यापूर्वीच्या त्या हिसक्यात मिसळतो आणि कागदावर उमटतो. दोष कुठला, हे मात्र कागद सांगत नाही. म्हणूनच जुनी बंदूक हातात आल्यावर दोन प्रकारची माणसे दोन वेगळ्या दिशांनी निघतात. एक पाना शोधते, दुसरे छऱ्यांचा डबा. पुढच्या संवादात पहिल्या बाजूने बंदुकीची दुरुस्ती करणारे मिस्त्री बोलतात आणि दुसऱ्या बाजूने नेमबाजी शिकवणारे सर. समोर आहे ती जर्मनीतल्या रास्टाट गावच्या डायना ३५ ची घडण: नळी दुमडणारी, ४.५ मिलिमीटर तोंडाची. ही आणि तिची धाकटी बहीण २७ इतकी टिकाऊ, की पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे नग आजही विकले-विकत घेतले जातात. अस्सल जर्मन नगावर नळकांड्याच्या मागच्या भागात महिना आणि वर्ष बारीक अंकांत ठोकलेले सापडते, त्यामुळे वयाबद्दल विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

मिस्त्री : सर, पन्नास वर्षांची बंदूक म्हणजे पन्नास वर्षांत तिच्यात किती जणांनी काय काय ओतलंय ते देवालाच ठाऊक. उघडल्याशिवाय मी तिला हातही लावणार नाही.

सर : आणि उघडून परत बसवल्यावर ती आधी कशी होती हे तुम्हांला कधीच कळणार नाही. आधी दहा छर्रे मारा, मिस्त्री. ती काय बोलते ते ऐका तरी.

दोघांचे एका बाबतीत जमते : पैसे देण्याआधी डोळ्यांनी आणि हातांनी होणारी तपासणी. तिला अवजार लागत नाही, पण क्रम लागतो. सुरुवात स्क्रूंपासून करावी. स्क्रूच्या डोक्यावरची खाच पिचलेली, कडा उडालेल्या असतील तर बंदूक आधी कुणीतरी उघडली आहे आणि त्याच्याकडे बरोबर मापाचा पेचकस नव्हता, एवढे नक्की. ज्याने बाहेरचा स्क्रू असा पिळला त्याने आत काय केले असेल, हा मिस्त्रींचा संशय रास्त आहे. उलट, गंजाची बारीक छटा असलेले पण अस्पर्श स्क्रू ही चांगली खूण. नळीवरचा काळा-निळा रंग उडालेला असणे हा दोष नव्हे, तो फक्त भाव पाडून मागायला उपयोगी. दस्त्यावरचे ओरखडेही तसेच. मात्र दस्त्याच्या पुढच्या भागात, जिथे दोन बाजूंनी स्क्रू शिरतात, तिथे आणि मुठीच्या बारीक जागी लाकडाला चीर आहे का, हे नखाने चाचपून पाहावे. तिथली चीर प्रत्येक झटक्याला उघडझाप करते.

मग नळी. नळी सरळ आहे का हे पाहायला मागच्या तोंडातून उजेडाकडे पाहायचे. आतल्या भिंतीवर दिसणारी वर्तुळे एकात एक नीट बसली पाहिजेत. वाकलेली नळी बहुधा वरच्या दिशेने वाकलेली असते, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच : नळी उघडी असताना कुणीतरी चाप ओढला आणि नळी स्प्रिंगच्या जोराने सपाट्यासरशी वर येऊन आपटली. पोरांच्या हातात गेलेल्या बंदुकीत हे हमखास सापडते. अशा आपटीत दस्ताही तडकतो, म्हणून नळी वाकडी दिसली की दस्ता पुन्हा एकदा पाहावा. नळीच्या पुढच्या तोंडाची कडा मात्र भिंगाखाली पाहण्यासारखी असते. छर्रा शेवटचा स्पर्श करतो तो या कडेला. तिथे एका बाजूला ठोका बसला असेल तर हवा त्या बाजूने आधी निसटते आणि छऱ्याची शेपटी ढकलली जाते.

मिस्त्री : तोंड खराब असलं तर पितळी गोल डोक्याचा स्क्रू आणि थोडी घासायची पेस्ट. दहा मिनिटांचं काम. गिऱ्हाईक उगाच घाबरतं.

सर : आणि नळीच्या आत गंजाने खड्डे पडले असतील तर?

मिस्त्री : तर पैसे परत खिशात.

खटक्याची तपासणी ही एकच गोष्ट अशी, की तिच्यात दोघेही थट्टा करीत नाहीत. झिजलेला खटका दबलेली स्प्रिंग कधीही सोडू शकतो, आणि नळी दुमडलेली असताना तो सुटला तर छर्रा बसवणाऱ्याचा अंगठा बिजागरीत सापडतो. त्यामुळे नळी उघडी असेपर्यंत दुसऱ्या हाताची पकड तिच्यावरून सुटता कामा नये, हा नियम नव्या बंदुकीलाही लागू आहे आणि जुनीला दुप्पट. तपासणी करायची ती छर्रा भरून, नळी बंद करून, तोंड जाड सुरक्षित आडोशाकडे ठेवून : चापाला बोट न लावता दस्त्याच्या मागच्या बाजूला तळहाताने पाच-सहा चांगले ठोके द्यायचे. बंदूक आपोआप सुटली तर ती त्या क्षणी शोभेची वस्तू झाली. खटका बदलेपर्यंत तिच्याशी दुसरे काही करायचे नाही. रिकाम्या बंदुकीने ही परीक्षा घेऊ नये. छर्रा नसेल तर हवेला अडवणारे काहीच उरत नाही, दट्ट्याला गादी मिळत नाही आणि तो धातूवर धातू आदळतो. दुकानात बंदूक उचलून नुसताच चाप ओढून ‘आवाज कसा आहे’ पाहणारे गिऱ्हाईक दुकानदाराचे नुकसान करीत असते.

बिजागरीची परीक्षा सोपी आहे. नळी बंद असताना तिचे टोक धरून डावी-उजवीकडे हलवायचे. मुळाशी जराही खेळ जाणवू नये. नंतर स्प्रिंग पूर्ण दाबून, नळी हाताच्या आधाराने मधल्या निरनिराळ्या कोनांत आणून पकड किंचित सैल करायची. नळी जिथे ठेवली तिथेच राहिली तर बिजागरीचा बोल्ट बरोबर आवळलेला आहे. स्वतःच्या वजनाने खाली पडली तर सैल आहे. हे बहुतेक वेळा पाव फेऱ्याचे काम असते. नळी आणि नळकांड्याच्या सांध्यावरचा छोटा वायसर तपासायला टिश्यू पेपरची पट्टी पुरते. ती सांध्यावर ठेवून छर्रा मारला आणि पट्टी फडफडली, तर हवा छऱ्यामागे जाण्याऐवजी बाजूने निसटत आहे. हा वायसर अगदी स्वस्त, आणि बंदुकीची ‘ताकद गेली’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत तो पहिला आरोपी असतो. पण लोक थेट नवी स्प्रिंग मागतात.

इथून वाटा फुटतात.

सर : आता मारू या. दहा मीटर, मेजावर टेकून, दहा छर्रे. आणि वेग मोजायचं यंत्र पुढे ठेवा.

मिस्त्री : वेग कशाला मोजायचा? हाताला कळतं. स्प्रिंग दाबताना जोर लागतो का नाही?

सर : जोर स्प्रिंगला लागतो, मिस्त्री. तो छऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही ते हाताला कळत नाही.

मुद्दा सरांचा बरोबर आहे, आणि तो आकड्यांत मांडला तर अधिक स्पष्ट होतो. समजा, एका बंदुकीचे दहा छर्रे सेकंदाला १८६ ते १९२ मीटर वेगाने जातात आणि दुसरीचे २०५ ते २३२ मीटर वेगाने. दुसरी अधिक जोरकस आहे, आणि बाजारात तिलाच जास्त भाव येईल. पण दहा मीटर अंतर कापताना छर्रा गुरुत्वाकर्षणाने किती खाली येतो ते काढले, तर हवेचा विरोध सोडून, पहिल्या बंदुकीत सर्वांत संथ आणि सर्वांत वेगवान छऱ्यांत एक मिलिमीटरहूनही कमी फरक पडतो. दुसरीत सुमारे अडीच मिलिमीटर. दहा मीटरच्या रायफल लक्ष्यावर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळाचे अंतर बरोबर अडीच मिलिमीटर असते आणि दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे नेमबाजाने काहीही चूक न करता दुसरी बंदूक एक गुण खाते. शिवाय वेग बदलतो तसा छर्रा नळीत राहण्याचा काळ बदलतो, आणि त्या काळात हिसका किती झाला तेही बदलते. हा फरक हिशेबात धरला तर नुकसान आणखी वाढते. वापरलेल्या बंदुकीत ताकद शोधू नये, सारखेपणा शोधावा. हे वाक्य मिस्त्रींना मान्य नाही, पण त्यांच्याकडे येणाऱ्या दहांपैकी बहुतेक बंदुका ‘ताकद वाढवा’ म्हणून आलेल्या असतात, हेही त्यांच्या नाराजीचे एक कारण असावे.

ताकदीला कायद्याचीही बाजू आहे. भारतात शस्त्र नियम, २०१६ नुसार नळीच्या तोंडाशी २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेली किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या तोंडाची एअर रायफल परवान्याच्या कक्षेत येते. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १९० मीटर वेगाने गेला तर ऊर्जा भरते साडेनऊ जूल. तोच छर्रा २७५ मीटरवर गेला की वीस जूलची रेषा गाठतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून वेग दीडपटीच्याही आत वाढला तरी ऊर्जा दुपटीवर गेली. जुनी ३५ सुस्थितीत असली तरी या रेषेच्या बरीच खाली राहते. पण ५.५ मिलिमीटर तोंडाची बंदूक ‘छऱ्याचीच तर आहे’ म्हणून विनापरवाना विकत घेणे ही चूक होते. जुन्या जर्मन बंदुकांवर पंचकोनात ‘एफ’ अक्षर कोरलेले दिसते. ते जर्मनीतल्या साडेसात जूलच्या मर्यादेचे चिन्ह आहे, दर्जाचे नव्हे. विक्रेते ते अनेकदा दर्जाचे म्हणून खपवतात. पाखरे मारण्याची परवानगी तर कुठल्याच जूलच्या बंदुकीला नाही. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा येतो.

पहिले काही छर्रे मोजू नयेत. बराच काळ पडून असलेल्या बंदुकीत कुणीतरी ‘ओलावा राहावा’ म्हणून तेल घातलेले असते. दट्ट्यापुढची हवा दाबली गेली की इतकी तापते की ते तेल पेटते. फटाका फुटल्यासारखा आवाज येतो, नळीतून निळसर धूर निघतो आणि वेग एकदम वाढतो. अनेकांना हेच बंदुकीचे बळ वाटते. प्रत्यक्षात हे छोटे स्फोट वायसर जाळतात आणि स्प्रिंगला उलटा धक्का देतात. दहा-वीस छऱ्यांनंतर आवाज शांत झाला आणि वेग खाली येऊन एका जागी बसला, की मग आकडे लिहायला घ्यावेत.

मिस्त्री : महाराष्ट्रात तर खोबरेल तेल. घरात असतं ना! थंडीत ते आत गोठतं, उन्हाळ्यात पेटतं.

सर : बघा, हे तुम्हांला न उघडताच कळलं.

मिस्त्री : वास येतो, सर. पण चामडं किती खाल्लंय ते वासावरून नाही कळत.

इथे मिस्त्रींचा पक्ष भारी आहे. वेगाचे आकडे ठीक येत असतानाही आतले काही दोष लपून राहतात. तुटलेली स्प्रिंग हे त्याचे ठळक उदाहरण. स्प्रिंगचा टोकाकडचा एक वेढा तुटला तर तुटके टोक शेजारच्या वेढ्यावर बसते आणि बंदूक चालतच राहते, थोडी मऊ एवढेच. तो तुकडा नळकांड्याच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडे पाडत राहतो. आणि नळकांडे म्हणजे बंदुकीचा गाभा, तो बदलता येत नाही. सरांची पद्धत इथे उशिरा जागी होते. झाडल्यावर ‘टण्’ असा लांबणारा आवाज, स्प्रिंग दाबताना मध्येच जाणवणारी खरखर किंवा अडखळ, दर शंभर छऱ्यांमागे उतरत जाणारा वेग, यांपैकी काहीही असले तर कागदावरचा भोकांचा समूह कितीही चांगला दिसो, बंदूक उघडावीच. यांपैकी काहीच नसेल आणि वेग स्थिर असेल, तर उघडण्याची घाई नको. हा निवाडा दोघांपैकी कुणालाच पूर्ण पसंत पडत नाही.

उघडणे धोक्याचे आहे, ते स्प्रिंगमुळे. खटका मोकळा असला तरी आतली स्प्रिंग काही सेंटीमीटर दबलेलीच असते. ३५ आणि २७ मध्ये चापाचा सगळा संच नळकांड्याच्या मागच्या टोकाला दोन आडव्या पिनांवर अडलेला असतो. त्या पिना साध्या हाताने काढल्या तर संच स्प्रिंगसकट मागे उडतो, आणि मागे बहुधा काढणाऱ्याची छाती असते. म्हणून बंदूक लांब शिकंज्यात धरून, मागून दाब देऊन, पिना काढून, मग दाब हळूहळू सोडायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच. शिकंजा नसेल तर हे काम घरी करायचे नाही. यात मिस्त्री धंद्याचा विचार करत नसतात.

आत पहिले आश्चर्य भेटते ते खटक्याचे. या घडणीत पोलादी खाच नसते. दट्ट्याच्या दांड्याभोवती तीन लहान पोलादी गोळ्या दांड्यावरच्या खोबणीत बसतात आणि बाहेरून एक पुंगळी त्यांना आत दाबून ठेवते. चाप पुंगळी सरकवतो, गोळ्या बाहेर सरतात, दट्ट्या सुटतो. जोर तीन जागी वाटला जातो, म्हणून हा खटका हलका चालतो आणि कमी झिजतो. मात्र बंदूक उघडली की या तीन गोळ्या जमिनीवर घरंगळतात, आणि ‘परत बसवली पण चाप धरत नाही’ अशा अवस्थेत मिस्त्रींकडे आलेल्या बंदुकीत बहुतेक वेळा दोनच गोळ्या असतात. बसवताना त्या ग्रीसमध्ये चिकटवून ठेवणे हा सोपा उपाय.

स्प्रिंग बाहेर काढून काचेवर लोळवावी. सरळ लोळली तर ठीक. हेलकावे घेत लोळली तर वाकलेली आहे, आणि अशी स्प्रिंग आत नळकांड्याला घासते. दोन्ही टोके सपाट घासलेली हवीत. स्प्रिंग आपल्या आधारदांड्यावर जितकी घट्ट बसेल तितका झाडल्यावरचा टणत्कार कमी. ढिली असेल तर चिकट दाट ग्रीसचा पातळ थर आवाज मारतो, पण थोडा वेगही खातो. बाजारात ‘जोरकस’ म्हणून मिळणाऱ्या जाड स्प्रिंगा हे मिस्त्री आणि सर यांच्या वादाचे खरे मूळ.

मिस्त्री : गिऱ्हाईक मागतं, सर. मी नाही दिली तर शेजारचा देईल.

सर : नळकांड्यातली हवा तेवढीच राहते ना? जोर दुप्पट केला तरी दाबायला हवा तीच.

मिस्त्री : ते खरंय. हिसका वाढतो, वेग थोडासाच.

दट्ट्याच्या टोकावरचा वायसर कशाचा आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. जुन्या बंदुकांत तो चामड्याचा असतो. चामडे सुकले की आकसते आणि हवा बाजूने निसटते. पण ते मेलेले नसते. दोन-तीन थेंब पातळ तेल मुरवून बंदूक रात्रभर उभी ठेवली तर पुष्कळदा ते पुन्हा फुलते, आणि सरांचा सगळ्यांत आवडता विजय हाच : बंदूक न उघडता वेग परत आला. कृत्रिम पदार्थाच्या वायसराची गोष्ट उलटी. त्याला तेल मुरत नाही, जळते मात्र; तिथे फार तर सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब. सिलिकॉन धातूवर धातू घासतो तिथे निरुपयोगी आहे, म्हणून दट्ट्याच्या बाजूंना मॉलिब्डेनमयुक्त काळी पेस्ट लावतात, तीही बोटावर जेमतेम दिसेल इतकी. शिलाई मशीनचे तेल, गाडीचे ग्रीस, खोबरेल, हे सगळे आतून पुसून काढणे हा दुरुस्तीचा अर्धा भाग असतो.

स्पर्धेच्या जुन्या बंदुका हा वेगळा वर्ग आहे आणि तिथे वयाचे गणित उलटे फिरते. फाइनवेर्कबाउ ३०० एस मध्ये झाडताना सगळे यंत्र दस्त्यावरच्या रुळांवरून मागे सरकते आणि हिसका खांद्यापर्यंत पोहोचत नाही. डायना ७५ मध्ये एकमेकांविरुद्ध धावणारे दोन दट्टे हिसक्याला हिसक्याने मारतात. आन्शुट्झ २५० ने तेच काम तेलाच्या दाबकाकडे सोपवले होते. १९८४ साली लॉस एंजेलिसला दहा मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली, आणि त्यानंतर स्पर्धेत स्प्रिंगची जागा हळूहळू आधीच दाबून ठेवलेल्या हवेच्या बंदुकांनी घेतली. त्यामुळे या उत्तम घडणीच्या स्प्रिंग बंदुका वापरलेल्या बाजारात आल्या. त्या विकत घेताना मिस्त्रींचे ऐकावे. डायना ७५ चे मूळ वायसर वापर झालेला नसला तरी काळानेच भुसभुशीत होतात. न वापरलेली, डब्यातली, चकचकीत ७५ ही उघडून वायसर बदलल्याशिवाय चालवण्याची वस्तू नाही. सरांनीही हे एकदाचे मान्य केले आहे.

जुळवणी सुरू होते दस्त्याच्या स्क्रूंपासून, आणि पुष्कळदा तिथेच संपतेही. स्प्रिंग बंदुकीचा हिसका स्क्रू सैल करतो. समूह अचानक पसरला की आधी स्क्रू आवळून पाहावेत, मग माणसाला दोष द्यावा. आवळायचे ते लाकूड दबेल इतके नव्हे. एकदा घट्ट बसले की स्क्रूच्या खाचेची दिशा ध्यानात ठेवावी. ती बदलली की कळते.

मग छर्रे. लक्ष्यासाठी चपट्या तोंडाचे छर्रे योग्य, कारण ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण मोजताना वाद होत नाही. एकाच ४.५ मिलिमीटरच्या नावाखाली ४.४९, ४.५०, ४.५२ अशी डोक्याची मापे डब्यावर छापलेली असतात, आणि जुन्या, घासलेल्या नळीला बहुधा थोडे मोठे माप मानवते. प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा छर्रे मारून समूह मोजावा : सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घेऊन त्यातून ४.५ वजा करायचे. बाहेरचे अंतर १९ असेल तर समूह साडेचौदा मिलिमीटरचा. तीन छऱ्यांवर निकाल देऊ नये. तीन छर्रे योगायोगानेही जवळ पडतात.

बंदूक धरण्याची पद्धत हीसुद्धा जुळवणीचाच भाग आहे. ती वाळूच्या पिशवीवर थेट टेकवली किंवा मुठीत आवळली तर हिसका दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडतो. पुढचा हात पसरट ठेवून, तळव्यावर दस्ता नुसता विसावू द्यायचा, खांद्याला हलका टेकवायचा आणि बंदुकीला हवी तशी उडी मारू द्यायची. पावडरच्या रायफलीवर तयार झालेल्या हाताला हे पटायला वेळ लागतो.

मिस्त्री : माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या ‘नेम लागत नाही’वाल्या बंदुका धरण्यामुळे येतात, हे मी कबूल करतो.

सर : मग त्यांना काय सांगता?

मिस्त्री : काय सांगणार? वायसर बदलून देतो.

नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच जुळवण्याचा हिशेब तोंडपाठ असावा. मागची खाच त्या दिशेला न्यायची ज्या दिशेला छर्रा जायला हवा. पुढची माशी उलट दिशेला. किती, ते त्रैराशिकाने निघते. समजा, दहा मीटरवर समूह चाळीस मिलिमीटर खाली पडतो आणि माशी व खाच यांतले अंतर ४५ सेंटीमीटर आहे. चाळीसला ०.४५ ने गुणून दहाने भागले की १.८ मिलिमीटर येतात. खाच तेवढी वर चढवायची. जुन्या खाचेच्या स्क्रूला बहुधा ढील असते, म्हणून तिला नेहमी एकाच दिशेने, खालून वर आणून थांबवावे. ढीलच जास्त असेल तर खाचेखालची पातळ पत्र्याची स्प्रिंग बदलणे हाच उपाय.

दुर्बीण बसवायची झाली तर ती एअर रायफलसाठी बनवलेलीच हवी. पावडरच्या रायफलीला एकाच दिशेचा धक्का असतो. स्प्रिंग बंदूक मागे आणि मग पुढे असे दोन धक्के देते, आणि दुसऱ्यासाठी साध्या दुर्बिणीच्या भिंगांचा आधार बनवलेला नसतो. हाच दुहेरी धक्का दुर्बिणीची पकडही रुळावरून मागे सरकवतो, म्हणून पकडीमागे अडवणूक करणारी खिट्टी लागते. दहा मीटरवर स्पष्ट दिसावे म्हणून पुढचे भिंग फिरवून अंतर जुळवता येणारी दुर्बीण घ्यावी; शंभर मीटरवर जुळवून आलेल्या दुर्बिणीतून दहा मीटरचा कागद धुक्यात असल्यासारखा दिसतो. दुर्बीण जुळवताना कोनाच्या पाव मिनिटाचा एक टिचका या अंतरावर समूहाला सुमारे पाऊण मिलिमीटर हलवतो. दहा मिलिमीटरची चूक काढायला तेरा-चौदा टिचके पडतात, दोन-तीन नव्हे.

नवा वायसर किंवा स्प्रिंग घातलेली बंदूक लगेच शेवटच्या मापाला आणू नये. पहिले शंभरेक छर्रे वायसर नळकांड्यात बसण्यात जातात आणि वेग थोडा वर-खाली होत राहतो. त्यानंतर दस्त्याचे स्क्रू पुन्हा आवळायचे, वेग पुन्हा मोजायचा, खाच पुन्हा पाहायची. वापर संपला की स्प्रिंग दाबून ठेवायची नाही, कारण दबलेली स्प्रिंग हळूहळू बसत जाते. नळीत मात्र तेल नको. बाहेरून पुसलेला तेलाचा हात पुरे. कोकणातल्या दमट हवेत तो आठवड्याला द्यावा लागतो.

सर : छऱ्यांचा डबा, वेग, तारीख, खाचेचा आकडा, सगळं वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी उघडायची की नाही ते वही सांगेल.

मिस्त्री : वही मी ठेवतो, सर. पण पिना काढायला आलात तर शिकंजा माझ्याकडेच आहे.